लॅक्रॉसचा हिशेब

सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्या लेखा विभागातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्या आणि त्यांच्याकडची कामे वाटली जात असताना क्रीडा विभागाचा वार्षिक अहवाल माझ्या वाट्याला आला. मी मूळची सांगलीची. पुण्यात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात सहा वर्षे काम केल्यानंतर लग्न होऊन न्यूयॉर्क राज्याच्या मध्य भागात आले, आणि सिरॅक्यूस शहरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका लहान खाजगी महाविद्यालयात हिशेब पाहू लागले. महाविद्यालयाचे नाव येथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणाला दोष देण्यासाठी नाही. सहा आठवडे मी एका खेळाचे कागद वाचले, आणि साध्या दिसणाऱ्या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळवायला काय करावे लागते ते मला कळले. खेळाडू किती, प्रशिक्षक किती आणि पैसा किती, हे ते तीन प्रश्न.

या अहवालामागे १९९४ चा एक कायदा आहे, ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स डिस्क्लोजर अ‍ॅक्ट’. ज्या महाविद्यालयात मुलगे आणि मुली दोघेही शिकतात, ज्याचे विद्यार्थी केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाहाय्य घेतात आणि ज्याचे संघ इतर महाविद्यालयांशी सामने खेळतात, अशा प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या क्रीडा विभागाची आकडेवारी दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत लोकांसमोर ठेवायची आणि शिक्षण खात्याला कळवायची असते. कोणीही विद्यार्थी, पालक किंवा नागरिक ती मागू शकतो आणि खात्याच्या संकेतस्थळावर ती पाहूही शकतो. क्रीडा विभागातील मंडळी या अहवालाला ‘ईडा’ म्हणतात. आमच्या महाविद्यालयात पंधराहून अधिक संघ आहेत, पण माझा निम्मा वेळ त्यातल्या दोनच संघांनी घेतला. ते संघ म्हणजे पुरुषांचा आणि महिलांचा लॅक्रॉस संघ.

लॅक्रॉस हा या भूमीचा खेळ आहे. होडनोशोनी हे येथले मूळनिवासी लोक युरोपीय माणसे येथे येण्याच्या कितीतरी आधीपासून तो खेळत आले आहेत आणि त्यांच्यातील ओनोंडागा राष्ट्राची वस्ती आमच्यापासून फार दूर नाही. लांब दांड्याच्या टोकाला जाळीची पिशवी, त्या पिशवीत झेललेला आणि पळता पळता सांभाळलेला घट्ट रबरी चेंडू, आणि समोर सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोल. पुरुषांच्या संघात मैदानावर एका वेळी दहा खेळाडू असतात, महिलांच्या संघात बारा. पुरुषांच्या खेळात अंगाला अंग भिडते, म्हणून त्यांना शिरस्त्राण, खांद्याचे आणि छातीचे कवच, हातमोजे लागतात. महिलांच्या नियमांत तशी धडक चालत नाही, त्यामुळे गोलरक्षक सोडली तर डोळ्यांवरचे संरक्षक चष्मे आणि दातांचे कवच एवढ्यावर भागते. हा फरक पुढे आकड्यांत कसा उतरतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

मी खेळ पाहायला शिकले ती आमच्याच कार्यालयात काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीमुळे. ती महिला संघात मध्यफळीत खेळायची आणि आठवड्यातून दहा तास आमच्याकडे पावत्या लावण्याचे काम करायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून आपल्या काठीची पिशवी नव्याने ओवत बसली होती. जुन्या दोऱ्या काढून तिने नवी दोरी एकेका भोकातून घेतली, प्रत्येक गाठीनंतर पिशवीत चेंडू ठेवला, काठी डोळ्यांच्या उंचीवर आडवी धरली आणि चेंडूचा माथा कडेच्या वर दिसतो का ते पाहिले. महिलांच्या काठीत तो दिसलाच पाहिजे, नाहीतर पंच ती काठी बाद करतात. पुरुषांच्या काठीची पिशवी खोल असली तरी चालते. अर्ध्या तासात तिने चार वेळा गाठ सोडली आणि चार वेळा पुन्हा बांधली. काठ्यांच्या दुरुस्तीसाठी संघाला पैसे मिळत नाहीत का, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, ‘‘मिळत असतील. मला माहीत नाही. आम्ही दोऱ्या आपापल्या आणतो.’’ ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

पहिला प्रश्न खेळाडूंच्या संख्येचा होता. मला वाटले होते की तो पाच मिनिटांत सुटेल. निवृत्त सहकाऱ्यांच्या फाइलमध्ये मागच्या वर्षीच्या अहवालासाठी क्रीडा विभागाने पाठवलेली एक यादी होती आणि तिच्यावर सप्टेंबरची तारीख होती. येथे मला थांबावे लागले. लॅक्रॉसचा हंगाम वसंतातला, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंतचा असतो. सप्टेंबरमध्ये फक्त काही दिवसांचा सराव होतो आणि त्या सरावाला आलेले सगळेच वसंतापर्यंत टिकत नाहीत. अहवालाच्या सूचना मात्र स्पष्ट आहेत की त्या संघाच्या पहिल्या नियोजित सामन्याच्या दिवशी जे संघात असतील तेच मोजायचे. संघाच्या यादीत नाव असलेला, संघाबरोबर सराव करून प्रशिक्षकांचे मार्गदर्शन घेणारा किंवा खेळासाठी आर्थिक साहाय्य मिळवणारा, असा प्रत्येक जण त्यात येतो. प्रत्यक्ष सामन्यात तो मैदानावर उतरला की नाही, याच्याशी मोजणीचा संबंध नाही.

त्यातही ‘नियोजित’ या शब्दाला महत्त्व आहे. २०२३ च्या हंगामातला आमच्या पुरुष संघाचा पहिला सामना मैदान गोठल्यामुळे पुढे ढकलला गेला होता आणि नंतरचा सामना हाच त्यांचा पहिला सामना मानून विभागाने एक यादी काढली होती. मी ती बाजूला ठेवली आणि मूळ वेळापत्रकातली तारीख धरली. मग त्या दिवसाची यादी मिळवायची कोठून, हा प्रश्न आला, कारण ती कोणी जपून ठेवलेली नव्हती. संकेतस्थळावरची यादी प्रशिक्षक अधूनमधून बदलत असतात. पात्रता तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे दुसरी यादी होती. तिसरी यादी होती खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर बाईंकडे, आणि तीच सर्वांत विश्वासार्ह ठरली, कारण वैद्यकीय तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही सरावाला उभे राहता येत नाही आणि त्या प्रत्येक नावापुढे निळ्या शाईने तारीख लिहीत असत. कागद घामाच्या आणि मलमाच्या वासाचा होता, कोपरे दुमडलेले होते, दोन नावांवर आडवी रेघ आणि शेजारी ‘जानेवारी’ असे लिहिलेले होते.

तिन्ही याद्या शेजारी ठेवून मी एकेक नाव जुळवले. पुरुष संघात सप्टेंबरमध्ये ४४ जण होते, हिवाळ्याच्या सुट्टीनंतर संकेतस्थळावर ४१ उरले होते आणि पहिल्या नियोजित सामन्याच्या दिवशी ३९. एकाने महाविद्यालय बदलले होते आणि एकाला शिक्षक-प्रशिक्षणासाठी रोज शाळेत जावे लागत असल्याने त्याने खेळ सोडला होता. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला एक खेळाडू वर्षभर काठी हातात धरू शकला नाही, पण तो संघाच्या यादीत होता आणि बैठकींना येत होता, म्हणून त्याची मोजणी योग्य होती.

महिला संघाचे गणित मला अधिक अस्वस्थ करून गेले. त्यांच्या यादीत पहिल्या सामन्याच्या दिवशी १७ मुली होत्या. बास्केटबॉलचा हंगाम संपल्यावर मार्चमध्ये आणखी दोघी आल्या आणि शेवटच्या सामन्यापर्यंत खेळल्या, पण त्या ठरलेल्या तारखेनंतर आल्यामुळे त्यांना मोजता येत नव्हते. मैदानावर बारा जणी लागणाऱ्या खेळात सतरा जणींचा संघ म्हणजे दोघी आजारी पडल्या तर सराव सामनासुद्धा नीट होत नाही. म्हणून महाविद्यालयातलेच तीन मुलगे त्यांच्याबरोबर सराव करायला येत असत. अमेरिकी महाविद्यालयांत ही प्रथा जुनी आहे, आणि अहवालाच्या सूचनेप्रमाणे अशा मुलग्यांना महिला संघाच्या आकड्यात धरावे लागते. तेव्हा महिला लॅक्रॉसपुढे मी २० हा आकडा लिहिला. त्यात तीन मुलगे होते आणि संपूर्ण हंगाम खेळलेल्या दोन मुली नव्हत्या. नियमाप्रमाणे तो आकडा बरोबर होता. पण तो एकटा सोडून देणे मला पटले नाही, म्हणून खाली खुलाशासाठी दिलेल्या जागेत मी हे सगळे शब्दांत लिहिले. मागच्या वर्षीच्या अहवालात सप्टेंबरचे आकडे होते आणि खुलाशाची जागा कोरी होती.

प्रशिक्षकांच्या भागाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते या अहवालाचे खरे मर्म तेथेच आहे. प्रत्येक संघासाठी मुख्य प्रशिक्षक आणि सहायक प्रशिक्षक किती, त्यांत पुरुष किती, स्त्रिया किती, त्या संघाचे काम पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, आणि ती व्यक्ती महाविद्यालयाची पूर्णवेळ कर्मचारी आहे की अर्धवेळ किंवा स्वयंसेवक, असे वेगवेगळे रकाने असतात. मुख्य प्रशिक्षकांचा पगार संघनिहाय छापला जात नाही. पुरुषांच्या सर्व संघांची एक सरासरी आणि महिलांच्या सर्व संघांची एक सरासरी, अशी ती माहिती जाते. पण ती सरासरी काढताना प्रत्येकाच्या पगारातला फक्त प्रशिक्षणाच्या कामाचा हिस्सा धरायचा असतो, आणि दुसरे काम करणाऱ्या माणसाला पूर्णवेळाचा अपूर्णांक म्हणून मोजायचे असते. छोट्या महाविद्यालयात जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षक दुसरे काहीतरी काम करतोच. कोणी व्यायामशाळा सांभाळतो, कोणी प्रवेश विभागात असतो, कोणी सामन्यांचे वेळापत्रक लावतो.

आमच्या पगारपत्रकात महिला संघाच्या प्रशिक्षिकेचा वर्षभराचा संपूर्ण पगार ‘महिला लॅक्रॉस’ या शीर्षाखाली पडत होता. मी मनुष्यबळ विभागातून त्यांचे नेमणूकपत्र मागवले. त्यात त्यांच्या कामाची वाटणी दिलेली होती, साठ टक्के लॅक्रॉस आणि चाळीस टक्के साहित्यगृह. साहित्यगृह म्हणजे सगळ्या संघांचे गणवेश धुणे, मोजणे, देणे आणि परत घेणे. शरद ऋतूत सॉकर आणि हॉकीच्या गणवेशांची आवराआवर चालू असताना त्यांना आपल्या संघासाठी नवे खेळाडू शोधायला शाळांचे सामने पाहता येत नसत. त्यांच्या साहित्यगृहातल्या कष्टांचे पैसे वर्षानुवर्षे कागदावर महिला लॅक्रॉसवर झालेला खर्च म्हणून दिसत आले होते.

पुरुष संघाच्या बाबतीत याच्या उलट घडले होते. त्यांच्या मुख्य प्रशिक्षकांकडे दुसरे कोणतेही काम नव्हते. अहवालात त्यांच्यासोबत एकच अर्धवेळ सहायक दाखवला जात असे. प्रत्यक्षात तिघे होते. त्यांपैकी एक जण वसतिगृहाचे व्यवस्थापक म्हणून विद्यार्थी कल्याण विभागाच्या पगारावर होते. त्यांच्या नेमणूकपत्रात ‘पुरुष लॅक्रॉसला सहायक प्रशिक्षक म्हणून साहाय्य’ असे स्पष्ट लिहिलेले होते, पण त्या कामाचा एक डॉलरही लॅक्रॉसच्या खर्चात येत नव्हता. तिसरे स्वयंसेवक होते. स्वयंसेवकांना पगाराच्या सरासरीत धरायचे नसते, पण संख्येत धरायचे असते, आणि ते कोणी धरले नव्हते. महिला संघाकडे सहायक म्हणून फक्त एक माजी खेळाडू होती, तीही मानधनाविना, नोकरीवरून सुटल्यावर संध्याकाळी येणारी.

या दोन्ही चुका स्वतंत्रपणे पाहिल्या तर किरकोळ वाटतात. एका विभागातला खर्च दुसऱ्यात पडणे, हे लेखापालाच्या रोजच्या कामातले आहे. पण दोन्ही मिळून त्यांचा परिणाम एकाच दिशेने होत होता. महिला संघाच्या प्रशिक्षणावरचा खर्च होता त्यापेक्षा मोठा दिसत होता आणि पुरुष संघावरचा होता त्यापेक्षा लहान. मला यात कोणाचा वाईट हेतू आढळला नाही. पगारपत्रकात एक माणूस एकाच शीर्षाखाली टाकणे सोयीचे असते आणि ज्याने पहिल्यांदा तसे टाकले त्याला अहवालाचा विचार करण्याचे कारण नव्हते. तरीही आकडे लोकांसमोर जात होते, आणि ते वाचून कोणीही म्हणाले असते की या महाविद्यालयात दोन्ही संघांना जवळपास सारखेच मिळते.

मी क्रीडा संचालकांची वेळ घेतली आणि दोन्ही नेमणूकपत्रे त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली. लहान महाविद्यालयांत सगळीकडे माणसे अशीच वाटून घ्यावी लागतात, असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. मग त्यांनी विचारले, ‘‘आकडे बदलले की मागच्या वर्षीशी फरक दिसेल. त्याचे काय?’’ फरक दिसणारच होता. मागच्या वर्षाच्या तुलनेत आकडा फार बदलला की भरताना सूचना येते आणि कारण द्यावे लागते. मी सांगितले की कारण खरे आहे आणि ते मी लिहीन. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षिकेला माझ्याकडे पाठवले, जेणेकरून तासांची वाटणी त्यांच्याच तोंडून पडताळता यावी. त्या हातात ओल्या टॉवेलांची यादी घेऊनच आल्या होत्या. मी त्यांना जुन्या अहवालातली ओळ दाखवली. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या संघावर एवढा खर्च होतो, हे मला आज कळतेय.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र त्या क्षणी आपल्या व्यवसायाची लाज वाटली, कारण ती ओळ आमच्याच विभागातून गेलेली होती.

शिष्यवृत्तीचा रकाना एका क्षणात भरला. आम्ही राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत आहोत आणि या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणून तेथे शून्य. पहिल्या श्रेणीत त्या वेळी पुरुष लॅक्रॉसला १२.६ आणि महिला लॅक्रॉसला १२ शिष्यवृत्तींची मर्यादा होती. खेळाडूंच्या मोबदल्याबाबत २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या महाविद्यालयांसाठी त्याऐवजी संघयादीची मर्यादा आली, पुरुषांसाठी ४८ आणि महिलांसाठी ३८. आमच्या वाटेला यातले काही येत नाही.

सामन्यांच्या खर्चात प्रवास, मुक्काम, जेवण, गणवेश, साहित्य आणि पंचांचे मानधन येते. येथे पुरुषांचा खर्च महिलांपेक्षा बराच जास्त निघाला, पण त्यातला मोठा भाग समजण्यासारखा होता. एकोणचाळीस जणांची शिरस्त्राणे आणि कवचे महाग असतातच. उलट मागच्या वर्षीच्या तुलनेत पुरुषांचा साहित्यखर्च एकदम कमी झाल्याची सूचना आली तेव्हा मी गोंधळले. साहित्यगृहाच्या पावत्या चाळल्यावर कारण सापडले. चेंडू छातीवर नेमक्या क्षणी आदळला तर हृदयाचा ठोका बंद पडू शकतो. असे मृत्यू या खेळात झाले आहेत, म्हणून १ जानेवारी २०२२ पासून पुरुष खेळाडूंना क्रीडासाहित्याच्या सुरक्षिततेची मानके ठरवणाऱ्या नॉक्सी या संस्थेच्या नव्या मानकानुसार बनवलेले छातीचे कवच सक्तीचे झाले. त्यामुळे मागच्या अहवालाच्या आर्थिक वर्षात संपूर्ण संघासाठी नवी कवचे एकदम घेतली होती. केवळ रकमा असमान आहेत एवढ्यावरून ‘टायटल नाइन’ हा शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा भेदभाव झाला असे मानत नाही, आणि ते योग्यच आहे. एका खेळाला कवच लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, तर रक्कम सारखी कशी असेल?

प्रवासाची गोष्ट मात्र वेगळी होती. मार्चच्या सुट्टीत दोन्ही संघ उबदार हवेत सराव सामने खेळायला दक्षिणेकडे जातात. त्या वर्षी पुरुष संघ विमानाने फ्लोरिडाला गेला होता आणि महिला संघ बसने मेरीलँडला. पुरुष संघाच्या पालकांनी निधी उभारला होता आणि तो महाविद्यालयाच्याच एका राखीव खात्यातून खर्च झाला होता, तरी तो क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकाबाहेरचा म्हणून अहवालात आलेला नव्हता. पैसा कोणी दिला, हे अहवालाच्या दृष्टीने गौण आहे. महाविद्यालयाने संघावर जे खर्च केले ते खर्चातच येते. आणि ‘टायटल नाइन’खाली शिक्षण खात्याची भूमिकाही हीच आहे की देणगीमुळे एका बाजूच्या खेळाडूंना चांगली सोय मिळाली, तर दुसऱ्या बाजूला तशीच सोय देण्याची जबाबदारी महाविद्यालयाची असते. पालकांनी आपल्या मुलांसाठी केक विकून, गाड्या धुऊन पैसे जमवले यात गैर काही नाही. पण सतरा मुलींच्या घरांनी तेवढे पैसे जमवणे हे एकोणचाळीस घरांइतके सोपे नसते. मी ती रक्कम पुरुष लॅक्रॉसच्या ओळीत घातली.

जमेच्या बाजूबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाचा तेथे हमखास गैरसमज होतो. आमच्या लॅक्रॉसला तिकीट नाही, दूरचित्रवाणीचे हक्क नाहीत. अहवालात जमा किमान खर्चाइतकी तरी दाखवावी लागते, त्यामुळे महाविद्यालयाने आपल्या सर्वसाधारण निधीतून दिलेली रक्कम हीच जवळजवळ सगळी जमा असते. जमा आणि खर्च समान दिसले म्हणजे संघ स्वतःचा खर्च भागवतो, असा अर्थ कोणी काढू नये. उलट बाजूने पाहिले तर ज्या कारणासाठी आमच्यासारखी महाविद्यालये लॅक्रॉस चालवतात ते कारण या अहवालात कोठेच दिसत नाही. लॅक्रॉस खेळायला मिळते म्हणून येथे प्रवेश घेणारे विद्यार्थी आहेत, आणि ते शुल्क भरतात. त्या शुल्कावर महाविद्यालय स्वतःच इतकी सवलत देते की छापील रक्कम हातात कधीच पडत नाही. देशभरातल्या खाजगी महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांची सरासरी सवलत निम्म्याहून अधिक आहे. तरी सवलत वजा जाता उरणारी रक्कम, खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे धरले, तर मोठा संघ हा वसतिगृहातल्या रिकाम्या खाटा भरणारा संघ असतो. आमच्या वित्त प्रमुखांकडे हा हिशेब वेगळ्या तक्त्यात असतो आणि प्रवेश विभाग त्यात सप्टेंबरचा ४४ हा आकडा वापरत होता.

मी वित्त प्रमुखांना ३९ चा आकडा दाखवला. नुसता आकडा बदलला असे नाही. पाच मुलगे वसंतापर्यंत संघात टिकले नव्हते आणि त्यांतला एक महाविद्यालयच सोडून गेला होता. संघ वाढवताना किती येतात एवढेच मोजले आणि किती टिकतात हे मोजले नाही, तर खेळाडूंना आपण फक्त खाटेचे भाडे समजतो, असे मला वाटते, आणि ते मी त्या बैठकीत बोलूनही दाखवले. वित्त प्रमुखांनी ते शांतपणे ऐकून घेतले. महिला संघाच्या बाबतीत तर हाच तर्क उलट लागू होत होता. ज्या प्रशिक्षिकेला शरद ऋतूत साहित्यगृहातून बाहेर पडता येत नाही, तिचा संघ सतरावर राहणार, आणि सतराचा संघ लहान म्हणून त्याला आणखी एक प्रशिक्षक मिळणार नाही.

त्या वर्षी १५ ऑक्टोबर रविवारी आला होता, म्हणून आम्ही शुक्रवारी, १३ तारखेला संध्याकाळी अहवाल कुलूपबंद करून सादर केला. वित्त प्रमुख आणि क्रीडा संचालक दोघेही माझ्या टेबलाशी उभे होते आणि खुलाशाची प्रत्येक ओळ त्यांनी वाचली होती. रविवारी घटस्थापना होती. सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा मुलुंडच्या माझ्या बहिणीचा संदेश आलेला होता. वांद्रे-कुर्ला संकुलात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन भरले होते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला प्रवेश मिळाल्याचे तिने आनंदाने कळवले होते. बातमी उघडली तर त्याच ठरावात लॅक्रॉसचेही नाव होते. १९०४ आणि १९०८ नंतर पदकांसाठी हा खेळ प्रथमच होणार होता, सहा-सहा खेळाडूंच्या छोट्या स्वरूपात. १९०४ मध्ये सेंट लुइसला कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात मोहॉक खेळाडू होते, म्हणजे होडनोशोनींपैकीच. सहा आठवडे ज्या खेळाच्या पावत्या मी चाळत होते, त्याच्याबद्दलचा निर्णय माझ्या बहिणीच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झाला होता. त्या दिवशी कार्यालयात आलेल्या विद्यार्थिनीला मी ही बातमी सांगितली. तिने ती आधीच वाचली होती, पण मुंबई म्हणजे माझ्या बहिणीचे शहर, हे तिला नव्याने कळले आणि तिने नकाशा काढून पाहिले.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात महिला संघासाठी एका अर्धवेळ सहायक प्रशिक्षकाचे पगारी पद मंजूर झाले. प्रवासनिधीचे खाते दोन्ही संघांसाठी एकत्र करण्याचे क्रीडा संचालकांनी मान्य केले, मात्र पालकांची समजूत काढायला त्यांना सबंध हिवाळा लागला. प्रशिक्षिकेच्या कामाची वाटणी बदलली नाही. साहित्यगृहासाठी वेगळा माणूस ठेवण्याइतके पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले आणि अंदाजपत्रक मी स्वतः पाहिलेले असल्यामुळे ते खोटे नव्हते हेही मला माहीत आहे. निदान त्यांचा पगार आता दोन शीर्षांत विभागून पडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वेळापत्रकातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी मी ट्रेनर बाईंच्या खोलीत गेले. आम्ही दोघींनी यादी वाचली, प्रत्येक नावाला खूण केली, खाली तारीख घातली आणि दोघींनी सही केली. महिला संघात त्या दिवशी २१ मुली होत्या. बाहेर मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग लोटलेले होते आणि माझ्या टेबलाशी बसून काठी ओवणारी ती मुलगी हातमोजे न घालता चेंडू झेलत होती.